पंडिता रमाबाईंची ख्रिस्तनिष्ठा : विधीची तारीख व कृतीचा पुरावा

(१)

धर्मांतराची गोष्ट निघाली म्हणजे इतिहासकार प्रथम तारीख विचारतो. हें स्वाभाविकच आहे. बाप्तिस्म्याची नोंद चर्चच्या वहींत असते, तिच्यावर धर्मोपदेशकाची सही असते, साक्षीदार असतात. आणि कागदावर सही व मिति दिसली कीं संशोधकाचें निम्में समाधान होतें. पंडिता रमाबाईंच्या बाबतींत ही तारीख निर्विवाद आहे. इ. स. १८८३ च्या सप्टेंबर महिन्याच्या २९ व्या दिवशीं, इंग्लंडांतील वाँटेज या गांवीं, त्यांनीं आपली अडीच वर्षांची कन्या मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रांत पुढें जो वाद माजला तो बहुतांशीं या एका तारखेभोंवतींच फिरत राहिला. ‘बाई बाटल्या’ म्हणून एका पक्षानें त्यांस टाकलें, आणि ‘बाई ख्रिस्ती झाल्या’ म्हणून दुसऱ्या पक्षानें त्यांस जवळ केलें. टाकणाऱ्यांचा व जवळ करणाऱ्यांचा आधार एकच, आणि तो म्हणजे विधि.

प्रस्तुत लेखांत आम्ही निराळा प्रश्न विचारणार आहों. खुद्द रमाबाईंच्या दृष्टीनें ख्रिस्ती होणें म्हणजे काय होतें? तें एखाद्या संस्कारानें पुरें होणारें होतें, एखादें मत मान्य केल्यानें पुरें होणारें होतें, कीं आचरणावांचून तें पुरें होणारेंच नव्हतें? या प्रश्नाचें उत्तर देण्यास साधनें भरपूर आहेत. परंतु तीं एका ठिकाणीं मांडून एकमेकांशीं ताडून पाहिल्यावांचून त्यांतून निष्कर्ष निघत नाहीं.

वाचकांच्या सोयीसाठीं आम्ही मीमांसकांची एक परिचित परिभाषा येथें उसनी घेतों. दर्शपूर्णमासांत प्रयाज हें अंग आणि मुख्य याग हें प्रधान. अंग टाकाऊ नसतें. परंतु त्याचें सार्थक्य प्रधानाच्या आश्रयानेंच होतें. प्रधान सोडून नुसतीं अंगें कितीहि बिनचूक केलीं तरी फळ पदरांत पडत नाहीं. रमाबाईंच्या ख्रिस्तनिष्ठेंत विधि, श्रद्धासूत्रें, चिन्हें हीं अंगस्थानीं होतीं, आणि दीनांची प्रत्यक्ष सेवा ही प्रधानस्थानीं होती, असें आमचें म्हणणें आहे.

(२)

रमाबाईंचा जन्म ज्या घरांत झाला तें घर विधींनींच भरलेलें होतें. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान् ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये, हा त्या काळचा लोकमताचा दंडक मोडून त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, आणि त्यासाठीं लोकांचा रोष सोसून सह्याद्रींतील गंगामूळ या अरण्यांत आश्रम बांधला. तेथेंच इ. स. १८५८ च्या एप्रिलमध्यें रमाबाई जन्मल्या. त्या कांहीं महिन्यांच्या असतांनाच हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें, तें कायमचेंच. देवळांच्या ओवऱ्यांत, नद्यांच्या घाटांवर पुराण सांगावें, जें मिळेल त्यावर निर्वाह करावा, आणि उरेल तें स्नान, दान व ब्राह्मणभोजन यांत खर्चावें, असा त्यांचा क्रम होता. भागवताचे श्लोक रमाबाईंस आईच्या तोंडून पाठ झाले ते याच भ्रमंतींत.

इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. शेवटलें नाणें संपेपर्यंत दानधर्म व अनुष्ठानें चाललींच होतीं. हातांनीं कष्टाचें काम करणें कुलशीलास शोभत नाहीं, आणि भीक मागण्यास मन धजत नाहीं, अशा कोंडींत तें कुटुंब सांपडलें. तिरुपतीजवळच्या रानांत झाडपाल्यावर दिवस काढावे लागले. वृद्ध शास्त्रीबोवांनीं तर तीर्थांत जलसमाधि घेण्याचें मनांत आणलें होतें. पुढें थोड्याच काळांत वडील, आई व वडील बहीण हीं तिघेंहि गेलीं. हा सर्व वृत्तांत रमाबाईंनींच इ. स. १८९७ मध्यें आपल्या दुष्काळाच्या अनुभवांविषयीं इंग्रजींत लिहिलेल्या लेखांत नमूद केला आहे.

या हकीकतीवरून कोणीं असा अर्थ काढूं नये कीं रमाबाईंनीं आईबापांस दोष दिला. त्यांच्याविषयींची त्यांची भक्ति अखेरपर्यंत अढळ होती. परंतु भुकेल्या माणसापुढें विधि उभा राहतो तेव्हां काय होतें, हें त्यांनीं सोळाव्या वर्षीं पाहिलें होतें, आणि तें त्या विसरल्या नाहींत. केडगांवचें मूळ शोधावयाचें तर तें तिरुपतीच्या या रानांत शोधावें लागतें.

पुढें बंधु श्रीनिवास व रमाबाई हीं दोघें हिंदुस्थानभर पायीं फिरलीं, आणि इ. स. १८७८ त कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं परीक्षा घेऊन रमाबाईंस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, हें सर्वांस ठाऊक आहे. याच शहरांतील एक लहानशी हकीकत मात्र फारशी सांगितली जात नाहीं. त्या बहीणभावंडांस एका ख्रिस्ती संमेलनाचें आमंत्रण आलें. तेथें प्रार्थनेच्या वेळीं मंडळी खुर्च्यांकडे तोंड करून गुडघे टेकून बसली. देवाची मूर्ति तर कोठें दिसेना. तेव्हां हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत असावेत, असें या दोघांस वाटलें. रमाबाईंनीं ही आठवण उतारवयांत मोठ्या विनोदानें लिहिली आहे. परंतु तिच्यांत एक मर्म आहे. ख्रिस्ती धर्माचें पहिलें दर्शन त्यांस बाह्य विधीच्या रूपानें झालें, आणि त्या दर्शनानें त्यांच्या अंतःकरणावर कांहींएक परिणाम झाला नाहीं.

(३)

इ. स. १८८० त बंधु निवर्तले. त्याच सालीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशीं विवाह केला, आणि इ. स. १८८२ च्या फेब्रुवारींत पतीहि पटकीनें वारले. त्यानंतर पुण्यास येणें, आर्य महिला समाजाची स्थापना, हंटर कमिशनपुढील साक्ष व ‘स्त्रीधर्मनीति’ या ग्रंथाचें प्रकाशन, हें सर्व त्याच एका वर्षांत घडलें. इ. स. १८८३ त त्या वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेल्या व वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनीमंडळांत राहिल्या. कानानें कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा बेत फसला.

बाप्तिस्म्याचें कारण काय, याविषयीं खुद्द रमाबाईंनीं दोन गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवून वाचल्या पाहिजेत. पहिली म्हणजे नीळकंठशास्त्री तथा नेहेम्या गोऱ्हे यांच्या लेखनाची. काशींत वाढलेले हे चित्पावन पंडित इ. स. १८४८ त ख्रिस्ती झाले होते. त्यांच्या युक्तिवादानें आपल्या बुद्धीचें समाधान झालें, असें रमाबाई म्हणतात. शास्त्राभ्यासांत वाढलेल्या बाईंस शास्त्र्यानेंच पटवावें, हें यथायोग्य होय. परंतु बुद्धीचें समाधान होण्यापूर्वींच अंतःकरण वळलें होतें, आणि तें वळण्याचें ठिकाण निराळें होतें.

वाँटेजच्या भगिनींची एक शाखा लंडनजवळ फुलहॅम येथें होती. तेथें वाममार्गास लागलेल्या स्त्रियांस आश्रय देण्याचें काम चाले. हवापालटासाठीं रमाबाईंस तेथें पाठविलें असतां त्यांनीं तें काम पाहिलें. एके काळीं त्याच आश्रयगृहांत आलेल्या कांहीं स्त्रिया आतां स्वतः रोग्यांची व दुबळ्यांची शुश्रूषा करीत होत्या. ज्या स्त्रियांचें नांव घेणेंहि आपल्या समाजांत पाप समजत, त्यांस हातीं धरून माणसांत आणणारें कोणी असूं शकतें, ही कल्पनाच रमाबाईंस नवी होती. हें तुम्ही कां करतां, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां तेथील भगिनींनीं त्यांस योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायांतील शोमरोनी स्त्रीची गोष्ट सांगितली.

ही गोष्ट आमच्या विषयास इतकी लागू आहे कीं तिचा आशय येथें देणें अवश्य आहे. विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या एका परजातीच्या व लोकनिंदित स्त्रीशीं येशू बोलतो. ती त्यास विचारते कीं, आमचे पूर्वज या डोंगरावर भजन करीत आले, तुम्ही म्हणतां यरुशलेमासच केलें पाहिजे, तर खरें स्थान कोणतें? त्याचें उत्तर असें कीं, खरें भजन डोंगराशींहि बांधलेलें नाहीं व नगराशींहि बांधलेलें नाहीं. तें आत्म्यानें व सत्यतेनें करावयाचें असतें. सारें बालपण तीर्थाहून तीर्थास हिंडण्यांत घालविलेल्या रमाबाईंच्या मनावर या उत्तराचा काय परिणाम झाला असेल, हें निराळें सांगावयास नको.

येथें इतिहासाच्या दृष्टीनें एक शंका येते. फुलहॅमची हकीकत रमाबाईंनीं आपल्या इ. स. १९०७ च्या इंग्रजी आत्मनिवेदनांत सांगितली आहे; म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनीं. इतक्या काळानें आठवणीस पुढील आयुष्याचा रंग चढतो, हें आम्ही जाणतों. परंतु या आठवणीस आधार देणारा, तिच्याहून जुना असा एक साक्षीदार आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केडगांवीं रमाबाईंनीं ‘कृपासदन’ या नांवाची शाखा उघडली, ती अशाच स्त्रियांसाठीं. आठवण लिहिली गेली मागाहून, कृति घडली आधीं. लेखानें कृतीचें समर्थन करावें हें नेहमींचें. येथें कृतीनें लेखाचें समर्थन केलें आहे.

(४)

बाप्तिस्म्यानंतर सर्व सुरळीत झालें असतें, तर या विषयावर लिहिण्यासारखें थोडेंच राहिलें असतें. परंतु पुढील दोनतीन वर्षांत रमाबाई, त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन, आणि चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या मुख्य मिस डोरोथिया बील यांच्यांत जो पत्रव्यवहार झाला, तो या विषयाचें मुख्य साधन आहे. तो सिस्टर जेराल्डिन यांनींच जपून ठेविला, आणि इ. स. १९७७ त महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखालीं छापून प्रसिद्ध केला. ज्या व्यक्तीशीं वाद झाला तिच्याच हातांतून हीं पत्रें आपल्यापर्यंत आलीं आहेत. सिस्टर जेराल्डिन यांस रमाबाईंचें वर्तन हट्टाचें व अभिमानाचें वाटे. तरीहि त्यांनीं रमाबाईंचीं सडेतोड उत्तरें राखून ठेविलीं, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें गमक आहे. प्रतिपक्षाच्या दप्तरांत सांपडलेला कागद अनेकदां स्वपक्षाच्या बखरीहून अधिक विश्वसनीय असतो, हा आपला नित्याचा अनुभव येथेंहि खरा ठरतो.

वादाचे विषय वरवर पाहतां क्षुल्लक दिसतात. गळ्यांत घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरें होतीं. रमाबाईंनीं विचारलें कीं तीं संस्कृतांत कां नसावीं? ब्राह्मण जसे संस्कृतास देववाणी मानतात तसेंच तुम्हीहि लॅटिनास मानतां काय? दुसरा वाद अन्नाचा. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडीं घातलेले पदार्थ घेईनात. याला सिस्टर जेराल्डिन यांनीं जातीचा अभिमान म्हटलें. रमाबाईंनीं उलट विचारलें कीं, एखादी इंग्रज बाई आमच्याकडे येऊन राहिली व तिनें आपल्या चालीरीति सोडल्या नाहींत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय?

तिसरा वाद गंभीर होता. चेल्टनहॅम येथें रमाबाईंनीं पुरुषविद्यार्थ्यांस शिकवावें कीं नाहीं, असा प्रश्न निघाला, आणि हिंदुस्थानांतील बिशपांनीं प्रतिकूल मत दिलें. यावर इ. स. १८८५ च्या मे महिन्यांतील एका पत्रांत रमाबाईंनीं कळविलें कीं, हिंदुस्थानांतील उपाध्येवर्गाचें जूं मीं मोठ्या कष्टानें मानेवरून उतरविलें आहे. तें उतरवून दुसऱ्या तशाच जुंवाखालीं मान देण्यास मी तयार नाहीं. ख्रिस्ताच्या मंडळीची मी आहें, परंतु धर्माधिकाऱ्याच्या तोंडचा प्रत्येक शब्द देवाचा शब्द मानण्यास मी बांधलेली नाहीं, असा त्यांच्या उत्तरांचा इत्यर्थ आहे. त्रैक्याच्या सिद्धांताविषयींहि त्यांनीं प्रश्न विचारले, आणि समाधान होईपर्यंत नुसत्या शब्दांस होकार देण्याचें नाकारलें.

हे सर्व वाद एका सूत्रांत ओवले तर असें दिसतें कीं, रमाबाई ख्रिस्तास नाकारीत नव्हत्या; ख्रिस्ताच्या नांवानें येणाऱ्या भाषेस, अन्नास व अधिकारास त्या ख्रिस्त समजण्यास तयार नव्हत्या. हीं अंगें होत, प्रधान नव्हेत, एवढाच त्यांचा आग्रह होता. येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. याच वर्षीं, म्हणजे इ. स. १८८५ त, इकडे पुण्यास जोतीराव फुले यांनीं ‘सत्सार’ या छोट्या पुस्तकांतून रमाबाईंच्या धर्मांतराची बाजू घेतली. एकाच वेळीं स्वदेशांत ‘बाटगी’ आणि विलायतेंत ‘बंडखोर’ ठरलेली ही बाई दोन्हीं ठिकाणीं एकच गोष्ट मागत होती, ती म्हणजे विवेकाचें स्वातंत्र्य.

आत्मनिवेदनांत तर रमाबाईंनीं स्वतःच्या बाप्तिस्म्याविषयींहि निःसंकोचपणें लिहिलें आहे. त्या वेळीं आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारें आठ वर्षांनीं, इ. स. १८९१ च्या सुमारास मिळाला, अशा अर्थाची त्यांची कबुली आहे. जी तारीख आम्हीं आरंभीं निर्विवाद म्हणून दिली, तिला खुद्द रमाबाई अंतिम मानीत नव्हत्या, हें यावरून स्पष्ट होतें.

(५)

इ. स. १८८६ त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें उच्चवर्णीय हिंदु स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनीं इंग्रजींत ग्रंथ लिहिला, आणि इ. स. १८८७ च्या अखेरीस बोस्टन येथें त्यांच्या कार्यासाठीं सभा स्थापन झाली. इ. स. १८८९ च्या मार्चच्या ११ तारखेस मुंबईस ‘शारदासदन’ उघडलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. विधवांनीं शिकावें व स्वतःच्या पायांवर उभें राहावें, हा त्याचा हेतु. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होत.

सदनाचा नियम असा होता कीं कोणावर धर्मशिक्षणाची सक्ति करावयाची नाहीं, आणि ज्या मुलींस आपले आचार पाळावयाचे असतील त्यांनीं ते पाळावे. संचालिका ख्रिस्ती, विद्यार्थिनी हिंदु, आणि सल्लागार न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सुधारक, असा हा त्या काळीं अपूर्व प्रयोग होता.

तो टिकला नाहीं. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत. दार उघडें असे. कांहीं मुली जाऊन बसत. ‘केसरी’नें यावर टीकेची झोड उठविली. इ. स. १८९३ त सल्लागार मंडळींनीं संबंध सोडला, आणि बऱ्याच पालकांनीं मुली काढून नेल्या. या प्रकरणांत सल्लागारांची अडचण खरी होती. ज्यांच्या शब्दावर विश्वासून लोकांनीं आपल्या मुली पाठविल्या, त्यांस त्या शब्दाची लाज राखणें भाग होतें. रमाबाईंचें म्हणणेंहि पोकळ नव्हतें. मी कोणास बोलावीत नाहीं, पण येणारीस हांकलून देण्यासाठीं दार लावूनहि घेणार नाहीं, असा त्यांचा पक्ष होता. आज दोन्ही बाजूंचे कागद शांतपणें वाचणाऱ्यास एवढेंच म्हणतां येईल कीं, तटस्थता म्हणजे काय याविषयीं दोघांच्या कल्पना आरंभापासूनच भिन्न होत्या, आणि त्या भिन्नतेची किंमत ज्या मुली परत गेल्या त्यांनीं दिली.

(६)

इ. स. १८९६–९७ च्या दुष्काळानें या वादास मागें टाकलें. मध्यप्रांतांत माणसें अन्नावांचून मरत असल्याच्या बातम्या येऊं लागल्या, तेव्हां रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. जातांना त्यांच्यासमोर स्वतःचे आईबाप होते, हें त्यांच्या लेखांत स्पष्ट आहे. साहाय्यासाठीं उघडलेल्या छावण्यांत पोरक्या मुलींची कशी दैना होते व कोणत्या प्रकारचे लोक त्यांच्यावर टपून असतात, हें त्यांनीं उघड्या डोळ्यांनीं पाहिलें. सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं तेथून आणिल्या. पुण्यास त्या वेळीं प्लेगमुळें निर्बंध होते. म्हणून पुणें–दौंड लोहमार्गावरील केडगांव येथें संस्थेच्या खर्चासाठीं पूर्वींच घेऊन ठेविलेल्या शेतजमिनींत या मंडळींची सोय करण्यांत आली. यांतूनच ‘मुक्तिसदन’ उभें राहिलें. पुढें गुजरातेंतील दुष्काळाच्या वेळीं आणखी भरती होऊन इ. स. १९०० च्या सुमारास आश्रितांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

संख्या सांगणें सोपें आहे. तिचा अर्थ ध्यानांत येण्यास दिनक्रम पाहावा लागतो. दोन हजार तोंडांस दोन वेळां अन्न, पाणी, वस्त्र, औषध आणि काम पाहिजे. विहिरी खणल्या गेल्या, शेत नांगरलें गेलें. विणकाम, शिवणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतें, धोबीकाम, छापखाना, हें सर्व तेथील स्त्रियांच्या हातांनीं चाले. अंध स्त्रियांसाठीं निराळी शाखा होती, आणि त्यांस ब्रेल लिपीनें वाचावयास शिकवीत. हातांनीं काम करणें कुलास शोभत नाहीं, या समजुतीपायीं ज्या घरांत उपासमार झाली, त्याच घरांतील कन्येनें प्रत्येक आश्रितेच्या हातीं कांहींना कांहीं काम द्यावें, यांत त्या जुन्या अनुभवाचें उत्तर आहे.

या वर्षांतली आणखी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. इ. स. १८९७ च्या मे महिन्यांत रमाबाईंनीं ‘बाँबे गार्डियन’ पत्रांतून पुण्याच्या प्लेगव्यवस्थेवर, विशेषतः तींत स्त्रियांची होणारी विटंबना व आपल्या सदनांतील एका मुलीची झालेली हेळसांड यांवर, कडक टीका केली. सरकारकडून त्यांचें म्हणणें खोटें पाडण्याचा प्रयत्न झाला, आणि प्रकरण पार्लमेंटपर्यंत गेलें. राज्यकर्ते ख्रिस्ती, आणि बाईहि ख्रिस्ती. परंतु सहधर्मीयांची भीड त्यांनीं धरली नाहीं. धर्म बदलला म्हणून देश बदलला, असें ज्यांचें मत असेल त्यांनीं हें पत्र अवश्य वाचावें.

(७)

आयुष्याच्या शेवटच्या सुमारें सतरा वर्षांत रमाबाईंनीं एक ग्रंथकार्य केलें, आणि हस्तलिखितें व जुनीं छापील पुस्तकें जमविणारांस त्याचें विशेष महत्त्व वाटावें. संपूर्ण बायबलाचें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून मराठी भाषांतर त्यांनीं केलें. त्यासाठीं उतारवयांत त्या या दोन्ही भाषा शिकल्या. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून खेड्यांतील स्त्रियांस कळत नाहीं, हें त्याचें कारण. अक्षरजुळणी, छपाई, बांधणी, सर्व कांहीं केडगांवच्या छापखान्यांत स्त्रियांनींच केलें. रमाबाई इ. स. १९२२ च्या एप्रिलच्या ५ तारखेस निवर्तल्या. काम त्यांच्या हयातींत पुरें झालें होतें, आणि संपूर्ण ग्रंथ इ. स. १९२४ त बाहेर पडला.

ज्यांचें आयुष्य संस्कृत शिकण्यांत व शिकविण्यांत गेलें त्यांस या गोष्टीचें मोल चटकन् कळेल. कलकत्त्याच्या पंडितांनीं जिला ‘सरस्वती’ म्हटलें, जिनें क्रुसावर संस्कृत अक्षरें हवींत म्हणून वाद केला, तिनें आपल्या सर्वांत मोठ्या ग्रंथांतून संस्कृत शब्द होतां होईल तों दूर ठेविले. पांडित्याचा त्याग करणें हें धनाच्या त्यागाहूनहि कठीण असतें. दुष्काळांतून आलेल्या मुलीस जें वाक्य कळत नाहीं, तें कितीहि शुद्ध असलें तरी तिच्यापुरतें तें लॅटिनच होय, हा न्याय त्यांनीं स्वतःच्या विद्येसहि लावला.

(८)

आतां दोन आक्षेपांचा विचार करूं. पहिला असा कीं, रमाबाईंस विधि गौण वाटत होते तर केडगांवीं प्रार्थना, उपासना व बाप्तिस्मे यांचें एवढें प्रस्थ कां? इ. स. १९०५ सालीं तर तेथें प्रार्थनेचा मोठा उमाळा येऊन त्याची वार्ता परदेशांत पोंचली. याचें उत्तर आरंभींच्या परिभाषेंत आहे. अंगास गौण म्हणणें म्हणजे तें टाकणें नव्हे. रमाबाईंची प्रार्थना अखंड होती. पण तिच्यामुळें घाणा, शेत किंवा रोग्यांची खोली ओस पडली नाहीं. शिवाय केडगांव कोणत्याहि एका पंथाच्या अधिकाराखालीं त्यांनीं दिलें नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ही सर्व सेवा धर्मप्रसारासाठींच नव्हती काय? पुढील काळांत रमाबाईंनीं धर्मप्रसाराची इच्छा कधीं लपविली नाहीं, आणि लेखकानेंहि ती लपवूं नये. आश्रयास आलेल्या पोरक्या मुलीची स्वीकृति कितपत स्वतंत्र असते, हा प्रश्न विचारणें योग्यच आहे. परंतु त्याबरोबर हेंहि विचारलें पाहिजे कीं, त्या मुलीस त्या वेळीं दुसरें कोणाचें दार उघडें होतें? इ. स. १८९७ त ज्यांनीं दार उघडलें त्यांचा हेतु तपासण्याचा अधिकार आपणांस आहे. मात्र ज्यांनीं तें उघडलें नाहीं त्यांचाहि हिशेब त्याच वहींत लिहिला पाहिजे.

निष्कर्ष असा कीं, रमाबाईंच्या निष्ठेचा काल वाँटेजच्या एका दिवसांत सामावत नाहीं. ती फुलहॅमच्या आश्रयगृहांत, बाप्तिस्म्यापूर्वींच, अंकुरली. चेल्टनहॅमच्या पत्रांत ती विधीच्या व अधिकाराच्या सक्तीविरुद्ध उभी राहिली. आणि केडगांवच्या माळावर तिला फळ आलें. विधीची नोंद एका ओळीची असते. कृतीची नोंद विहिरी, वेतनपट, औषधांच्या याद्या, छापखान्याचे कच्चे कागद, अशा शेंकडों ठिकाणीं विखुरलेली असते. म्हणून ती दुर्लक्षित राहते, व म्हणूनच ती खोटी करतां येत नाहीं.

याकरितां आमची संग्राहक मित्रांस विनंति आहे. रमाबाईंचे लेख व पत्रें इ. स. १९७७ च्या व त्यानंतरच्या प्रकाशनांमुळें बऱ्याच अंशीं सुरक्षित झालीं आहेत, आणि त्यांची संस्था केडगांवीं आजहि चालू आहे. परंतु केडगांवहून खेडोपाडीं गेलेल्या स्त्रियांचीं पत्रें, तेथील छापखान्यांतून निघालेलीं बायबलाचीं सुटीं पुस्तकें, ‘मुक्ति प्रेयर बेल’चे जुने अंक, ‘सत्सार’ व ‘स्त्रीधर्मनीति’ यांच्या मूळ प्रती, असें साहित्य जुन्या ख्रिस्ती व हिंदु घरांच्या पेट्यांतून असण्याचा संभव आहे. एखाद्या बायबलाच्या कोऱ्या पानावर कोण्या आजीनें केडगांवीं शिकलेल्या अक्षरांत आपलें नांव लिहिलेलें असेल. राजमुद्रा नाहीं, शिक्का नाहीं, म्हणून असे कागद रद्दींत जाऊं देऊं नयेत. ते सांपडल्यास त्यांची नक्कल व ठिकाण मंडळास कळवावें. या विषयाचा खरा पुरावा तोच आहे.